नापास मावशींचे बोळे

पंख्यांच्या त्या कारखान्यात तीनशे माणसं राबत, आणि त्यातल्या दोनशे नव्याण्णव जणांच्या कामावर शेवटचा शब्द एका बाईचा असे. टेबलफॅन कितीही देखणा असो, त्याचा रंग कितीही चकचकीत असो, बाजारात जाण्याआधी त्याला मावशींच्या मुक्या खोलीतून जावं लागे. खोलीच्या दारावर ‘ध्वनी तपासणी कक्ष’ अशी पाटी होती, पण ती वाचण्याचे कष्ट कोणी घेत नसे. भिंतींना जाड स्पंज, एकामागे एक दोन दारं, आत एक टेबल, एक स्टूल आणि मावशी. पंखा टेबलावर यायचा, बारा सेकंद फिरायचा आणि मावशी डोळे मिटून ऐकायच्या. मग “पास” म्हणून त्याच्या बुडाला स्टिकर लावायच्या. स्टिकरवर त्यांचा नंबर आणि तपासणीचा तास छापलेला असे. नाहीतर “नापास” म्हणायच्या, आणि पंखा आल्या पावली परत.

शंभरातले सत्त्याण्णव पंखे त्या पास करत. पण त्याची आठवण कोण ठेवतो? नाव पडलं ते नापास मावशी.

तपासणीच्या वहीत ‘बेअरिंग दोष’, ‘मोटार गुणगुण’ असे छापील रकाने होते. मावशींचे रकाने वेगळे. “हा दात खातोय,” त्या म्हणायच्या. “हा उसासे टाकतोय.” “ह्याला आज काही झालेलं नाही, पण मुळात कुरकुऱ्या आहे. वर्षभराने घरच्यांचं डोकं खाईल, आत्ताच परत न्या.” पंखा खोलून बघितला की मावशींचं म्हणणं खरं निघायचं. हे असं बावीस वर्षं चाललं होतं.

घरी मात्र या कानांचं कोणालाच कौतुक नव्हतं. नवऱ्याने फ्रिजचं दार नीट लावलं नाही की मावशींना ते न्हाणीघरात बसून कळायचं. लेक पलीकडच्या खोलीत पांघरुणाखाली तोंड घालून मैत्रिणीशी कुजबुजली तरी सकाळी चहाबरोबर त्यातल्या दोन-तीन मुद्द्यांवर चर्चा व्हायची. “आई, तुझे कान घरी येताना कारखान्यातच ठेवून येत जा ना,” लेक वैतागून म्हणायची, आणि मावशी मनातून खूश व्हायच्या.

तर अशा या मावशींना एका सोमवारी सुपरवायझरने बोलावून घेतलं. हा मुलगा सहा वर्षांपूर्वी शिकाऊ म्हणून आला तेव्हा मावशींनीच त्याला चांगला आणि वाईट आवाज ओळखायला शिकवलं होतं. त्याला जेमतेम जमलं, म्हणून तो सुपरवायझर झाला, असं मावशींचं मत होतं.

“मावशी, बसा,” तो म्हणाला. तो कधीच कोणाला बसा म्हणत नसे, त्यामुळे मावशी उभ्याच राहिल्या.

त्याच्या टेबलावर परत आलेले अकरा पंखे होते. लोकांनी दुकानात परत केले होते, दुकानांनी कारखान्यात. त्याने एकेक पंखा उलटा करून स्टिकर दाखवला. अकराही मावशींनी पास केलेले. त्यातले नऊ सकाळी आठ ते नऊच्या तासातले.

“काहीतरी घोळ असेल,” मावशी म्हणाल्या. त्यांनी ते नऊ पंखे मुक्या खोलीत नेले आणि एकेक लावला. पहिला दात खात होता. दुसराही. तिसरा तर असा किरकिरत होता की शेंबड्या पोरानेही नापास केला असता. आणि बुडाला स्टिकर मावशींचा. त्या तशाच स्टुलावर बसून राहिल्या.

“वय होतं, मावशी,” सुपरवायझर दारात उभा राहून शक्य तितक्या मऊ आवाजात म्हणाला. “त्यात काय एवढं? पॅकिंगला बसा. आरामाचं काम आहे.”

मावशींनी मान वर केली. “अहो साहेब, माझं वय फक्त आठ ते नऊच होतं का? नऊ वाजले की परत कमी होतं?”

शेवटी त्याने एक तोड काढली. महिनाभरात कुठल्यातरी एका दिवशी, सकाळच्या पहिल्या मालात, तो पाच बिघडलेले पंखे मिसळणार. कुठल्या दिवशी ते सांगणार नाही. पंख्याच्या तळाच्या झाकणाच्या आत लाल टिकली लावलेली असेल, म्हणजे ती फक्त त्यालाच सापडेल. मावशींनी पाचही पकडले तर मुकी खोली त्यांची.

“आणि एखादा सुटला तर?”

सुपरवायझर खिडकीबाहेर बघू लागला. “तर पॅकिंग,” मावशींनीच वाक्य पूर्ण केलं.

घरी लेकीने सगळं ऐकून घेतलं आणि लगेच निदान केलं. ती कॉलेजात काय शिकत होती ते मावशींना नीट सांगता येत नसे, पण डोकं बापावर गेलेलं नाही एवढं त्यांना माहीत होतं. “आई, तुझ्या बसचा दोष आहे. दोन बसेस, सव्वा तास, आणि मधे तो पूल बांधतायत. उतरल्यावर कानात शिट्टी वाजत राहते असं तूच म्हणतेस ना? तसेच कान घेऊन तू आठला कामाला बसतेस. नऊपर्यंत ते ताळ्यावर येतात.”

आणि त्या बसबद्दल काय सांगावं! खिडक्यांच्या काचा खडखडायच्या, इंजिन थेट सीटखाली घुरघुरायचं, चार प्रवासी चार फोनवर चार वेगवेगळे व्हिडिओ मोठ्याने लावून बसायचे, आणि पुलाच्या कामाजवळ बस अडकली की रस्ता फोडणारी यंत्रं दहा-पंधरा मिनिटं डोक्यात ठोकत राहायची. मावशी एक बस आधीची धरून बघून चुकल्या होत्या. ती तर त्याहून गजबजलेली निघाली.

“तू आवाज बंद करणारे इअरबड्स घे,” लेक म्हणाली.

“म्हणजे कानात बोळे घालू?”

“बोळेच. पण हुशार बोळे. बाहेरचा आवाज ओळखून तो पुसून टाकतात.”

साधे बोळे मावशींनी वापरून पाहिले होते. कारखान्याच्या स्टोअरमध्ये पिवळ्या फोमचे बोळे फुकट मिळत. स्टोअर सांभाळणारे काका ते वाटण्याच्या बाबतीत अगदी हात धुऊन मागे लागत. काकांनी तरुणपणी वीस वर्षं पत्रा दाबायच्या खात्यात काढली होती, आणि तेव्हा बोळे नव्हते, असं ते प्रत्येकाला बजावत. पण त्या पिवळ्या बोळ्यांनी वरचा किणकिणाट तेवढा जाई. बसची घुरघुर खालून, हाडांतूनच यायची.

तेव्हा हुशार बोळे घ्यायचे हे ठरलं, आणि मावशींनी दहा दिवस काहीही केलं नाही. लेक विचारायची, त्या म्हणायच्या, बघते. लेक म्हणाली, कानाच्या डॉक्टरकडे तरी जाऊन ये. त्या म्हणाल्या, वेळ कुठे आहे? वेळ होता. मावशींना भीती वाटत होती, आणि ती भीती अशी होती की कोणाला सांगायची सोय नाही. आत्ता निदान बसला दोष देता येत होता. उद्या चांगले बोळे घातले, बसचा आवाज बंद केला, आणि तरीही पंखा सुटला, तर मग दोष कोणाचा? मग कान गेले, एवढंच उरलं. आणि कान गेल्यावर मावशींचं काय उरलं?

शेवटी लेकीने तारीख घातली. “शनिवारी जर तू विकत घेतले नाहीस, तर मी माझ्या पसंतीचे आणेन. गुलाबी.”

मावशी कामाला लागल्या. निवड करायची तर ती रीतसर व्हायला हवी. शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी कारखान्यातून पाच जणांचे इअरबड्स मागून घेतले. पॅकिंगच्या दोन मुलींचे, वॉचमनचे, खुद्द सुपरवायझरचे आणि स्टोअरच्या काकांचे. काका आधी देईनात. त्यांच्या कानात ते दिवसभर असत. माल मागायला गेलेला माणूस काही बोलू लागला की काका कानाकडे बोट दाखवून हसत, “हो ना, हो ना” म्हणत मान डोलावत आणि चिठ्ठीसाठी हात पुढे करत. चिठ्ठीशिवाय स्क्रूसुद्धा मिळणार नाही, हा त्यांचा कडक नियम होता. गाण्यांचा भारी शौकीन माणूस, असं सगळे म्हणत.

“अहो काका, अर्धा तास गाणी नाही ऐकली तर काय बिघडेल?” मावशींनी त्यांच्या तोंडासमोर डबीसाठी हात केला. काकांनी कसनुसं हसून ती दिली.

मुक्या खोलीत दारं लावून मावशींनी एकेक जोडी कानात घातली आणि डोळे मिटले. पंखा तपासायचा तसेच इअरबड्स तपासायचे, बारा सेकंद. बावीस वर्षं एकच गोष्ट त्या शोधत आल्या होत्या. वस्तू स्वतः आवाज करते की नाही? करत असेल तर नापास. पहिल्या मुलीच्या जोडीत बारीक सूंऽऽ ऐकू आलं. नापास. दुसरीची उसासे टाकत होती. नापास. वॉचमनची एकाच कानात गुणगुणत होती. सुपरवायझरची सगळ्यात महागडी, पण आत डास कोंडल्यासारखी. ती नापास करताना मावशींना विशेष आनंद झाला.

मग काकांची. मावशींनी ती घातली, डोळे मिटले आणि बारा सेकंदांनीही उघडले नाहीत. काही नाही. सूं नाही, गुणगुण नाही, निखळ शांतता.

“पास!” मावशी एवढ्या मोठ्याने म्हणाल्या की त्या स्वतःच दचकल्या. बाहेर येऊन त्यांनी काकांच्या डबीला सगळ्यांसमोर आपला पासचा स्टिकर लावला. सुपरवायझरचा चेहरा पडला. काका “हो ना, हो ना” म्हणाले आणि डबी घेऊन घाईने स्टोअरमध्ये गेले.

शनिवारी मावशी बसस्टॉपजवळच्या दुकानात गेल्या. काकांचं मॉडेल जुनं होतं. दुकानदाराने ते खालच्या कपाटातून शोधून काढलं, फुंकर मारली, चार्ज करून दिलं.

“मॅडम, घाला.”

मावशींनी घातलं. सूंऽऽ.

“हे खराब आहे. दुसरं दाखवा.”

दुसरंही सूं करत होतं. “ताई, हा आवाज असतोच,” दुकानदार म्हणाला. तिसरंही तसंच निघालं तेव्हा तो कपाळाला हात लावून म्हणाला, “अहो मावशी, तो आवाजच तर बाहेरचा आवाज मारतो! इथे शांततेत काय ऐकताय? रस्त्यावर चला.”

“आमच्या काकांच्यात नाही तो आवाज.”

“मग त्यांचं बंद असेल!”

मावशींना हसू आलं. बंद पडलेलं यंत्र दिवसभर कानात घालून कोण बसेल?

दुकानदाराने त्यांना दारात नेऊन उभं केलं. समोरून त्यांची रोजचीच बस गेली. मावशींनी ती पाहिली, तिचा वारा त्यांच्या तोंडावर आला, पण आवाज? दूर कुठेतरी कोणी सतरंजी झटकावी इतपत. मावशी चकित होऊन पुढच्या बसची वाट बघत राहिल्या. तीही तशीच गेली. पण सूं काही त्यांच्या मनातून जाईना. परत देऊन चार दिवस विचार करावा, असं म्हणत त्यांनी एक बोळा कानातून काढला, आणि तेवढ्यात काउंटरवरचा टेबलफॅन त्यांच्या कानी पडला. दात खात होता.

त्यांनी न विचारताच तो उचलून उलटा केला. बुडाला स्टिकर होता. नंबर त्यांचा. तास आठ ते नऊ.

“चांगला आहे, पण आवाज फार करतो,” दुकानदार म्हणाला.

“हेच द्या बांधून,” मावशी हळूच म्हणाल्या. “आणि हा पंखा कारखान्यात पाठवा, बदलून मिळेल.”

सोमवारी सकाळी मावशी बोळे घालून बसमध्ये बसल्या, आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी त्या रस्त्याकडे नीट बघितलं. पुलावरचे कामगार चहा पीत होते. एका बाल्कनीत म्हातारे नवरा-बायको हातवारे करून भांडत होते. सगळं मऊ कापडात गुंडाळल्यासारखं झालं होतं. मावशींना इतकं बरं वाटलं की त्या आपल्याशीच हसल्या. शेजारी बसणारी रोजची बाई त्यांच्याकडे वळून काहीतरी सांगू लागली. सुनेबद्दलच असणार, ती दुसरं कधी बोलतच नसे. बोळे काढायचा मावशींना कंटाळा आला. त्या गोड हसल्या, मान डोलावली, म्हणाल्या, “हो ना, हो ना.”

बाईचा चेहरा लालबुंद झाला. मावशींनी घाईने एक बोळा काढला.

“म्हणजे तुमचंही तेच म्हणणं आहे तर! मीच कजाग!” बाई म्हणत होती.

मावशींनी परोपरीने माफी मागितली, बाई दोन स्टॉपनंतर निवळली. पण मावशींचं लक्ष तिच्याकडे उरलं नव्हतं. ते हसणं, ती मान, ते “हो ना, हो ना”. हे आपण कोणाचं उचललं? आणि ते लक्षात आलं तसं एकामागून एक सगळंच लक्षात आलं. वीस वर्षं पत्र्याचं खातं. चिठ्ठीचा कडक नियम. दिवसभर कानात ते बोळे. निखळ शांतता. मग त्यांचं बंद असेल, असं दुकानदार म्हणाला होता.

कारखान्यात पोचल्यावर त्या थेट स्टोअरमध्ये गेल्या. काका पाठमोरे उभे राहून खोकी रचत होते.

“काका,” मावशी साध्या आवाजात म्हणाल्या. काका खोकी रचत राहिले. “काका, तुमच्या मागे आग लागली आहे.” काकांनी वरचं खोकं नीट सारखं केलं.

मावशींना भडभडून आलं. बारा वर्षं ही दोघं एका टेबलावर डबा खात होती. पत्र्याआडची सैल चकती ज्यांना ऐकू यायची, त्यांना समोरच्या माणसाला ऐकू येत नाही हे कळलं नव्हतं. त्यांना स्वतःची लाज वाटली, अगदी मनापासून.

त्या वळसा घालून काकांच्या समोर आल्या आणि त्यांच्या कानांकडे बोट दाखवून सावकाश म्हणाल्या, “बॅटरी कधी गेली?”

काकांनी बोळे काढून हातात घेतले. “दीड वर्ष झालं, ताई. नातवाने टाकून दिले होते. कानात काही दिसलं की लोक समजतात गाणी ऐकतोय. समोर येतात, खांद्याला हात लावतात. नाहीतर मागून हाका मारमारून एक दिवस सुपरवायझरकडे गेले असते.” ते जरा हसले. “तुम्ही पासचा स्टिकर लावलात तेव्हा माझी पाचावर धारण बसली होती.”

“डॉक्टरकडे का नाही गेलात?”

“तुम्ही गेलात का?”

आपल्यासारखाच घाबरलेला माणूस इतकी वर्षं भिंतीपलीकडे बसला होता. “तुम्ही येत असाल तर मी जाते,” त्या म्हणाल्या.

बुधवारी काम सुटल्यावर दोघं कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांच्याकडेही एक छोटी मुकी खोली होती. मावशींनी बसायच्या आधी तिची तपासणी केली आणि दाराचं रबर सैल झाल्याचं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी ते मुकाट्याने लिहून घेतलं. मग शिट्टी ऐकू आली की बटण दाबायचं, असा प्रकार झाला.

“या वयाला इतके चांगले कान मी फार थोडे पाहिलेत,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “पण तुम्ही आत्ता संध्याकाळी आलात. रोज सकाळी त्या गोंगाटातून उतरल्यावर ते कसे असतात ते मला सांगता येणार नाही. आणि तो गोंगाट असाच चालू ठेवलात तर पाच वर्षांनी मी हे बोलणार नाही.” काकांना मात्र दोन्ही कानांना यंत्र लागणार होतं. मापं घेतली, तीन आठवडे लागतील म्हणाल्या.

म्हणजे मावशींचं अर्धंच ओझं उतरलं. सकाळचं सकाळी कळणार होतं.

महिना सरत आला. मावशी रोज बोळे घालून येत आणि रोज आठच्या ठोक्याला पहिला पंखा लावताना स्वतःला विचारत, आज असेल का? एका बुधवारी संध्याकाळी काका घाईघाईने मुक्या खोलीत आले. दार लावून घेतलं. ते काहीतरी गुपित सांगणार हे त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

“ताई, साहेबांची चिठ्ठी आली आहे. पाच लाल टिक...”

मावशींनी पर्समधून डबी काढली, बोळे कानात घातले आणि बटण दाबलं. काकांचं तोंड हलत राहिलं. काका बोट दाखवत होते, कॅलेंडर दाखवत होते. मावशींनी डोळेही मिटून घेतले. मग गोड हसून मान डोलावली. “हो ना,” त्या म्हणाल्या. “हो ना.”

काका आधी रागावले, मग त्यांना हसू फुटलं, आणि हसत हसतच ते निघून गेले.

आता मावशींना दिवस माहीत नव्हता असं म्हणणं धाडसाचं होईल. पण पंखे कोणते, ते कुठे माहीत होतं? गुरुवारी आठ ते नऊमध्ये त्यांनी पाच पंखे नापास केले. नऊ वाजता सुपरवायझर स्क्रूड्रायव्हर घेऊन आला आणि नापास पंख्यांची तळाची झाकणं उघडू लागला. एक टिकली. दोन. तीन. चार. पाचव्यात टिकली नव्हती. त्याने पास झालेल्या ढिगात शोध घेतला, आणि एका निळ्या पंख्याच्या झाकणाआड पाचवी टिकली सापडली.

“मावशी,” तो म्हणाला. “चार पकडले. हा सुटला.”

मावशींना बाकी काही दिसेना. कान गेले. त्यांनी एवढं केलं, तरी गेले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलंही नाही. मग सवयीने त्यांनी तो निळा पंखा उचलला, टेबलावर ठेवला आणि लावला. बारा सेकंद. आणखी बारा सेकंद.

“हा पास आहे,” त्या म्हणाल्या.

“मावशी, टिकली आहे त्यात.”

“टिकली असेल. पंखा पास आहे. खोला.”

सुपरवायझरने पंखा खोलला. बेअरिंग स्वच्छ, तेल जागेवर, सगळं नवंकोरं. त्याने मान खाजवली, आणि मग नापास ढिगातला तो बिनटिकलीचा पाचवा पंखा खोलला. तोही निळाच होता. आतलं बेअरिंग त्याने स्वतःच्या हाताने बिघडवलं होतं, ते त्याला लगेच ओळखू आलं. पहाटे दोन निळे पंखे शेजारी शेजारी ठेवून टिकली लावताना त्याचीच गफलत झाली होती.

“साहेब,” मावशी नाक ओढत म्हणाल्या, “तुम्ही सहा ते सातमध्ये काम करत जाऊ नका. तुमचं वय होतं.”

तो इतका हसला की दाराबाहेर पंखे घेऊन उभी असलेली माणसंही काही न कळता हसू लागली. मावशी हसल्या, रडल्या, आणि दहा पंखे उशीर झाला म्हणून सगळ्यांवर ओरडल्या.

पुढच्या आठवड्यात काकांची यंत्रं आली. लपवायला काही उरलं नाही म्हटल्यावर काकांनी स्वतःच सुपरवायझरला सांगून टाकलं, आणि त्याने फक्त एवढंच विचारलं की आता चिठ्ठ्या बंद का? काका म्हणाले, चिठ्ठ्या चालूच राहतील, तो नियम आहे.

जेवणाच्या सुट्टीत काका मुक्या खोलीत आले. उजव्या कानातलं यंत्र त्यांनी तसंच ठेवलं आणि डावं काढून मावशींच्या हातावर ठेवलं. “तपासा,” ते म्हणाले. “माझ्या आधीच्या जोडीला स्टिकर होता. हिलाही पाहिजे.”

मावशी त्यांच्याकडे पाठ करून टेबलाकडे वळल्या. यंत्र कानाशी धरलं, डोळे मिटले. बारीक सूंऽऽ ऐकू आलं. बावीस वर्षांच्या सवयीने नापास हा शब्द त्यांच्या जिभेवर आलाच होता. त्यांनी तो गिळला. आवाज करत होतं म्हणजे चालू होतं, एवढं त्यांना आता कळत होतं. पाठमोऱ्या असतानाच त्या ओठांतल्या ओठांत, कोणालाही ऐकू जाऊ नये इतक्या हळू म्हणाल्या, “पास.”

“मग लावा की स्टिकर,” मागून काका म्हणाले.